माझं लेक्चर आदल्या दिवशीच झालं होतं

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर वाचत आले ते त्यातली गफलत शोधायला. बहुतेकदा सापडतेही... झोप अपुरी, घरात भांडण, नाहीतर गावात आधीपासून पसरलेली अफवा. मी पुण्यात रसायनशास्त्रात संशोधन करते. पुरावा नसेल तर मी सख्ख्या आईवरही विश्वास ठेवत नाही, असं आई म्हणते. त्यामुळे हे लिहिताना मला भीती वगैरे वाटत नाहीये. राग येतोय. अजूनही.

काम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. क्वांटम मटेरियल्स म्हणजे असे पदार्थ, ज्यांच्यातले इलेक्ट्रॉन एकेकटे न वागता झुंडीनं वागतात आणि मग त्या पदार्थात भलतेच गुण दिसतात. ते गुण मोजायला निर्दोष स्फटिक लागतो. मोजतात फिजिक्सवाले, नाव त्यांचं होतं. स्फटिक बनवतो आम्ही. घटक एखाद्या वितळलेल्या धातूत विरघळवायचे, नळीत बंद करायचे आणि भट्टी अगदी हळू थंड करायची. पाकात खडीसाखर धरते तसे स्फटिक धरतात. धरले तर! आमच्या एका संयुगाचे काही केल्या धरत नव्हते. कित्येक वर्षं नळी फोडली की आत काळी भुकटी. माझी विद्यार्थिनी ऋचा, तिची पीएचडी त्यावर अडकलेली, आणि वरती कमिटीत प्रोजेक्ट गुंडाळायची भाषा सुरू झालेली.

अशात सुनीताचा फोन आला. बी.एस्सी.ला आम्ही दोघी एका बाकावर — मी मलकापूरची, ती मोताळ्याची. आता ती आमच्याच जुन्या कॉलेजात, मलकापूरजवळ, केमिस्ट्रीची विभागप्रमुख आहे. "पोरायले येऊन सांग जरा, संशोधन काय असते ते," म्हणाली. शनिवार ठरला.

शुक्रवारी मी संध्याकाळपर्यंत लॅबमध्ये होते. ऋचाबरोबर बसून डेटा पाहिला, मग गाडी पकडली. सकाळी मलकापूरला उतरले तर घ्यायला कुणी नाही. सुनीता फोन उचलेना. चिडून ऑटो केला आणि थेट कॉलेज गाठलं.

सुनीता स्टाफरूममध्ये चहा पीत बसली होती. मला बघून तिनं कप खाली ठेवला.

"तू गेली नाई अजून? काल तं म्हणे, आजच निघतो."

"काल? मी आत्ता उतरतेय गाडीतून. आणि तुझा फोन कुठंय?"

"काऊन वं मजाक करून राह्यली? काल झालं ना लेक्चर. एक दिवस आधीच येऊन उभी राह्यली, म्हणून किती धावपळ केली आम्ही पोरं जमवाले."

माझं डोकं सणकलं. माझ्या नावावर कुणीतरी येऊन बोलून गेलं होतं, आणि माझ्याच मैत्रिणीनं तिला हार घातला होता. मी तसं तिला स्पष्ट म्हटलं. तिचा चेहरा उतरला.

"कुणीतरी? माह्या घरी जेवली तू काल. वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. माह्या सासूच्या पाया पडली. मी तुले वळखत नाई का?"

मग तिनं फोटो दाखवला. विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या दुपारीच टाकलेला. सुनीता, दोन प्राध्यापक, पोरं आणि मधोमध... मी. मोरपंखी साडी. तसली साडी माझ्याकडे नव्हती, आजही नाही. पण चेहरा माझा, चष्मा माझा, उभं राहायची किंचित वाकडी ढबसुद्धा माझी. आजकाल फोटो काय वाटेल तसे बनवता येतात, हे मी तिथंच सुनावलं. त्यावर आणखी तिघांनी आपापले मोबाइल पुढे केले. वेगवेगळे फोटो, वेगवेगळ्या कोनांतून.

आवाज ऐकून प्राचार्य आले. सगळं ऐकून घेतलं आणि अगदी मायेनं म्हणाले, "मॅडम, कामाचा ताण असतो. होतं असं कधीकधी. घरी कुणाला बोलावू का?"

तो स्वर मी आयुष्यभर ऐकत आलेय. बाई तावातावानं काही सांगत असेल तर ती थकलेली असणार. मी पर्स उचलली.

सुनीता गेटपर्यंत मागे आली. ती दुखावली होती, दिसत होतं. म्हणाली, "एवढी खुश होती तू काल. पोरायले सांगत होती, टिन सोडून अँटिमनी घेतलं आन् जमलं. नळी गरम असतानाच अँटिमनी गाळून टाकलं म्हणे... आन् आज अशी वागते?"

मी तिथंच थांबले. घटक विरघळवायला आम्ही टिन वापरतो, हे लॅबबाहेर कुणाला माहीत नव्हतं. आणि अँटिमनी तर आम्ही केव्हाच बाद केलं होतं. ते स्फटिकाच्या आत शिरून बसतं, सगळं नासवतं. 'जमलं' कुठून? काहीच जमलं नव्हतं.

पुण्यात आल्यावर ऋचाला विचारलं, कारण प्राचार्यांनी माझ्या मनात तेवढं विष कालवलं होतं. "शुक्रवारी मी कुठं होते गं?"

ती गोंधळली. "माझ्यासमोरच होतात की, मॅडम. गाडी चुकेल म्हणून मीच तुम्हाला कॉम्प्युटरसमोरून उठवलं."

अँटिमनीचं मी कितीतरी दिवस नाव काढलं नाही. निव्वळ हट्ट. मग कमिटीची बैठक जवळ आली, ऋचा पडल्या चेहऱ्यानं वावरायला लागली, आणि मी ठरवलं की हा मूर्खपणा एकदा करून खोटा पाडायचा. भट्टी लावली. नळी गरम असतानाच काढून अँटिमनी नळीतल्या नळीतच गाळून वेगळं केलं. थंड झाल्यावर ऋचानं नळी फोडली आणि माझा हात घट्ट धरला. आत चपटे, आरशासारखे स्फटिक होते. मोजमापंही चोख आली, अँटिमनीला आत शिरायला वेळच मिळाला नव्हता. प्रोजेक्ट वाचला. ऋचाचा प्रबंध आता लिहून होतोय, त्याचं मला मनापासून बरं वाटतं.

लोक विचारतात, हे सुचलं कसं? नवरा म्हणतो, तुझ्या अंतर्मनाला माहीत होतं. असेल. पण अंतर्मन मलकापूरला जाऊन वांग्याची भाजी खात नाही. आई म्हणते, देवानं दिलं, घे की गपचूप. का घेऊ? इतकी वर्षं भुकटी चाळली ती कुणी आयतं उत्तर हातात ठेवावं म्हणून नाही. ते माझं मला सापडायला हवं होतं. पेपरवर पहिल्या दोघींत माझं नाव आहे, आणि ते वाचताना मला दुसऱ्याची वस्तू वापरल्यासारखं वाटतं.

शेवटी मीच सुनीताला फोन केला. इतके दिवस आम्ही बोललो नव्हतो. म्हटलं, "जमलं गं."

"हाव, तू सांगतलं ना तवाच," ती म्हणाली. मग हळूच, "पण तवा तू किती हसत होती वं सांगतानी. पोरायच्या डोळ्यात पाणी आलं होतं. आता काऊन अशी बोलून राह्यली?"

मी फोन ठेवून दिला. ती बाई कोण होती, मला माहीत नाही. कुणाला काही सुचत असेल तर सांगा, फक्त थकवा म्हणू नका. एवढंच कळतं की तो आनंद माझा होता, आणि तो माझ्याआधी कुणीतरी भोगून गेलं.