चाकूरचे पराग, भोकरची फुलं

नांदेड स्टेशनाबाहेर आले तेव्हा माझ्या हातातल्या पारदर्शक डब्यात चिमटे, भिंग आणि बारीक कुंचले होते. ते पाहून रिक्षावाल्यानं मला दातांची डॉक्टर ठरवलं. "म्याडम, दवाखाना कोन्ता?" मी कोकोच्या झाडांची डॉक्टर आहे हे त्याला पटवेपर्यंत बसस्थानक आलं, आणि त्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

आमच्या कोकणातल्या संशोधन केंद्रावर मी कोकोची लागवड आणि त्याचे रोग यांचा अभ्यास करते. चॉकलेट ज्याच्या बियांपासून बनतं ते हे झाड. त्याला सावली हवी, ओलावा हवा, ऊन सोसत नाही. म्हणून भोकरजवळच्या एका गावातून वाघमारेकाकांचा फोन आला तेव्हा मला आधी चेष्टाच वाटली. ते म्हणाले, "झाडं हिरवीगार हायेत, फुलं लई येतात, पन फळ एक न्हाई. तुमी या. आमची मंडळी कुऱ्हाड घेऊन उभी हाय."

मंडळी म्हणजे काकू. दारातच त्यांनी "जय भीम" म्हणत मला आत घेतलं आणि विचारलं, "सुशीला चालंल का?" सोबतीला कुणी बाई येणार असावी असं समजून मी म्हटलं, "चालेल की, पण मला एकटीनं फिरायची सवय आहे." काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या आणि ताटली घेऊन आल्या. सुशीला (भिजवलेले मुरमुरे फोडणीला टाकून केलेला नाश्ता) मी दोनदा मागून घेतली.

काका पोस्टातून निवृत्त झालेले. नारळ-केळीच्या सावलीत, ठिबकवर त्यांनी कोको असा जपला होता की आमच्या केंद्राला लाज वाटावी. ना बुरशी, ना कीड. खोडावर नखाएवढी पांढरट फुलं चिकटलेली. मी कुंचल्यानं एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलांना लावले आणि मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सगळी फुलं खाली.

"कलमं कुठून आणली?" मी विचारलं.

"एकाच नामी झाडाची हायेत सगळी. निवडून आनली," काका छाती काढून म्हणाले.

मी समजावलं, की मग ही सगळी मिळून एकच झाड झालं, आणि कोकोच्या कित्येक झाडांना स्वतःचे पराग चालत नाहीत. वेगळ्या वाणाचे हवेत.

"म्हंजे ही समदी भावकी हाय," काकू म्हणाल्या. "भावकीत सोयरीक व्हईल कशी?"

पराग जेमतेम एक दिवस जगतात, कोकणातून आणणं शक्य नव्हतं. जवळपास आणखी कुणाकडे कोको आहे का, असं विचारताच काका नारळाच्या शेंड्याकडे बघू लागले.

"हाय की," काकू म्हणाल्या. "चाकूरला. मानिकराव."

मग कळलं ते असं. माणिकराव आणि काका एका कृषी प्रदर्शनात भेटले होते. मराठवाड्यात पहिला कोको आपणच लावला, असं दोघांचंही म्हणणं. तिथं जे वाजलं त्यानंतर बोलणं बंद.

"त्याच्या झाडाचं पान बी माझ्या वावरात (शेतात) नको," काका म्हणाले.

"मग सोमवारी झाडं काढायची अन् मेथी टाकायची," काकूंनी निकाल दिला.

मी चाकूरची वाट धरली.

माणिकरावांनी नमस्काराच्या आधी विचारलं, "त्यानं कोन्त्या साली लावलं म्हनला?" मी साल सांगितलं नाही. त्यांची बाग पाहिली. वाण वेगळा, पण तोही एकाच झाडाचा, आणि फळ इथंही नव्हतं. ते माझ्या लक्षात आलंय हे दिसताच माणिकराव थोडे नरमले.

"फुलं देतो," ते म्हणाले. "पन परक्याच्या हाती देनार न्हाई. मी सोता येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी उमललेली फुलं आम्ही ओल्या कापसावर, जेवणाच्या डब्यात ठेवली. माणिकराव डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले. शेजारच्या आजोबांनी झाकण उघडायला लावलं, आत डोकावले आणि कळवळून म्हणाले, "यवढ्यानं पोट भरतंय का तुमचं?" मग आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी त्यांनी आमच्यासमोर धरली.

नांदेडला गाडी बदलली आणि भोकरच्या रस्त्यावर टायर बसलं. ऊन चढलेलं. कंडक्टर म्हणाला, दुसरी गाडी येईल तेव्हा येईल. माणिकराव डब्यावर रुमालानं वारा घालत फेऱ्या मारू लागले. शेवटी त्यांनी मला काकांना फोन लावायला सांगितलं आणि तो हातात घेतला.

"मी चाकूरचा मानिकराव बोलायलो. गाडी घेऊन या. फुलं सुकायलीत."

पलीकडून काकांचा आवाज आला: "सावलीत धरा त्यास्नी. निघालोच."

काका स्कूटर घेऊन आले. पुढे काका, मागे माणिकराव, मध्ये मी, माझ्या मांडीवर डबा. गावापर्यंत ते दोघं माझ्या डोक्यावरून साल-महिना ओरडत राहिले. मी खड्डे सांभाळले.

बागेत मी फुलाला फूल लावत गेले. काकू प्रत्येक फुलाशेजारी लाल दोरा बांधत गेल्या. "हळू! हळू!" माणिकराव मागून कण्हत होते, जणू मी त्यांच्याच हाताला टाके घालत होते. काम झाल्यावर चाकूरला परतायचं सोडून ते म्हणाले, "बघूनच जातो."

मग त्या दोघांनी एकाच बाजेवर ठाण मांडलं. तिसऱ्या सकाळी मला काकूंनी हलवून उठवलं. बिनदोऱ्याची फुलं गळली होती. दोऱ्याजवळची बरीच तशीच होती, आणि भिंगातून पाहिलं तर देठाशी हिरवा ठिपका फुगलेला. काकूंनी भिंग घेतलं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलंच नाही.

"मेथीचं काय?" काकांनी भीत भीत विचारलं.

"मेथी बाजारात मिळती," काकू म्हणाल्या.

माणिकराव उठले. "आता तुमची फुलं आमच्याकडं. साटंलोटं ठरलं."

परतीच्या गाडीत मी विचार करत होते. इतकी वर्षं मी परागाचा स्वभाव तपासते, पण तो नेणाऱ्या माणसांचा स्वभाव कधी हिशेबात धरला नव्हता. निघताना मी बजावलं होतं, की कोवळी फळं पुष्कळदा वाळून जातात, आशा बेतानं ठेवा. तिघांपैकी कुणीही ऐकलं नव्हतं.

काही महिन्यांनी काकूंचा फोन आला. एक फळ पिकलं, फोडलं.

"कसं लागलं?"

"गर गोड हाय. पन ह्या दोघांनी बिया बी चावल्या. लई कडू! अन् आता दोघं बी म्हनतेत, पैली बी मीच खाल्ली."