उन्हात धरलेला रोल

हिंगोलीतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओवाल्याकडून मी जुना रोलचा कॅमेरा घेतला, तेव्हा बायको म्हणाली, "मोबाईल चावला काय तुमाला?" पण माझं म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. चार व्हिडिओ पाहिले, रोल धुवायची औषधं मागवली, निगेटिव्हचा स्कॅनर मागवला. पहिल्या दोन रोलांतला एक बरा निघाला अन् तेवढ्यानं माझ्या डोक्यात हवा गेली. हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात मी गळ्यात कॅमेरा अडकवून मिरवायला लागलो.

शेजारी गाद्या भरणारे चाचा राहायचे. त्यांचा धड एक फोटो नव्हता. आधार कार्डावर होता, त्यात ते पकडून आणल्यागत दिसत. कोणी मोबाईल धरला की रुमाल तोंडावर घ्यायचे. "ते आपलं थोबाड गावभर फिरवून राहिलं," म्हणायचे. माझा कॅमेरा मात्र त्यांना बराबर वाटला. कापसाच्या ढिगाला टेकून बसले, टोपी नीट केली, अन् नव्या रोलवरचे पहिले तीन फोटो मी त्यांचे काढले. त्यांची नात मोबाईल घेऊन आली, तर तिला मीच हाकललं.

चाचींनी धोशा लावला, "दाखव की बेटा." मी म्हणायचो, "छत्तीस फोटो पुरे होऊ द्या." तीन फोटोंसाठी अख्खा रोल धुवायला माझ्या जिवावर येत होतं. पंधरा दिवसांनी छातीत कळ येऊन चाचा गेले.

मग मला घाई सुटली. औंढ्याला जाऊन देवळाचे, शेळ्यांचे, कशाकशाचे फोटो काढून रोल संपवला. चाची इद्दतीत होत्या, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायच्या नाहीत. मी त्यांच्या डोळ्यांपुढं वाढलेलो, म्हणून मला अंगणात येऊ द्यायच्या. मी रोलची डबी त्यांच्या हातावर ठेवली अन् ऐटीत म्हणालो, "चाचा याच्यात हायेत. आज धुतो." तेवढ्यात फोन आला म्हणून गल्लीत गेलो.

आमच्याकडच्या जुन्या माणसांची एक रीत होती. लग्नातल्या फोटोंच्या काळ्या पट्ट्या पेटीत जपायच्या, अन् आठवण आली की उन्हाकडं धरून हा मामू, ही फुफी असं ओळखत बसायचं. चाचींनी तेच केलं, धुवायच्या आधी रोलला ऊन लागलं की फोटो जातात हे त्यांना काय माहीत. डबीबाहेर राहिलेलं टोक धरून हातभर फिल्म ओढली, उन्हाकडं धरली अन् त्यात नवऱ्याला शोधायला लागल्या.

"दिसंनात की रे," मला बघून म्हणाल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी डबी हिसकावली. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो, "एकदा अल्लानं नेलं त्यांना, दुसऱ्यांदा तुमी मारलं. काहून हात लावला?" चाची पदर तोंडाला लावून तिथंच खाली बसल्या.

खरं तर मला ठाऊक होतं की ऊन लागलं ते बाहेरच्या शेवटच्या फोटोंना. माझा कॅमेरा आधी रोल पुरा बाहेर ओढून घ्यायचा अन् फोटो निघतील तसा डबीत परत गुंडाळायचा, म्हणून पहिल्या फोटोंतले चाचा सगळ्यात आत होते. ते वाचले असणार. पण हे त्यांना सांगावंसं वाटलं नाही. म्हटलं, बसू दे रडत, अक्कल येईल. इतका राग होता.

घरी येऊन धान्याच्या खोलीचं दार लावलं, गोधडीखाली हात घालून अंधारात फिल्म धुवायच्या, उजेड न शिरणाऱ्या टाकीत भरली. बाहेर येऊन सरबताच्या दोन रिकाम्या बाटल्यांत ठेवलेली औषधं ओतली. तोंडानं अजून चाचींनाच बोलून राहिलो होतो. बाटलीवरची चिठ्ठी वाचायची शुद्ध कोणाला?

फिल्म बाहेर काढली तर कोरी. इकडून तिकडं आरपार, खिडकीच्या काचेसारखी. ऊन लागलेली फिल्म काळीठिक्कर निघते, एवढं शिकाऊ माणसालाही कळतं. त्या हातभर तुकड्यावरसुद्धा काळा ठिपका नव्हता. मी नंतरचं औषध आधी ओतलं होतं. ते आधी पडलं की फिल्मवर जे असेल ते सगळं धुऊन जातं. तरी मी ती स्कॅनरमध्ये घातली, एकेक फोटो सरकवत तिसऱ्यापासून पहिल्यापर्यंत गेलो. पडदा कोराच राहिला.

संध्याकाळी सांगायला गेलो. खरंच सांगायला गेलो होतो. चाची दाराआडून म्हणाल्या, "आले का रे ते?"

"न्हाई," मी म्हणालो. "ऊन लागलं."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. नंतर रोज ठरवायचो, उद्या सांगू. रोज त्यांच्या दारावरून मान खाली घालून शाळेत शिकवायला जायचो. नात सांगायची, दादी जेवत न्हाई, म्हणते मीच त्यांना उन्हात जाळलं.

इद्दत संपली. चार महिन्यांनी चाची पहिल्यांदा उंबरा ओलांडून बाहेर आल्या, त्या थेट माझ्या दारात. निम्म्या राहिल्या होत्या. हातात खिरीचं भांडं होतं.

"बेटा, तुझी एवढ्या मेहनतीची चीज मी खराब केली," म्हणाल्या. "माफ कर मला."

बायको मागं उभी होती. मी भांडं घेतलं अन् म्हणालो, "जाऊ द्या चाची. केलं माफ."