आईच्या माहेरचा कांदा

मी विंचूरकडची आहे हे कळलं की नाशकात द्वारका चौकाजवळच्या आमच्या सोसायटीतल्या बायका हटकून विचारायच्या, "मग यंदा कांद्याला भाव काय?" असा राग यायचा मला! अगं बायांनो, कांदा खायचीसुद्धा वस्तू आहे. माझ्या आईला विचारलं असतं तर तिनं आधी विचारलं असतं, करताय काय? भज्यांना पावसाळा सरल्यावर येणारा लाल कांदा, कारण तो पाणी सोडतो आणि बेसन त्यातच भिजतं. काळ्या रश्श्याच्या वाटणाला उन्हाळी कांदा, तोही सालीसकट निखाऱ्यात भाजलेला. ठेच्याला लसणाची कोवळी पात. तिथं कुणी कांद्याची पात घातली तर ती ताट सरकवायची.

आणि पिठल्याला तिचा पांढरा कांदा. दुसरा चालायचाच नाही.

हा कांदा तिनं लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला नांदगावकडच्या माहेराहून आणला होता. चपटा, पांढुरका, फोडणीत पडला की विरघळून जाणारा. त्याचा एक गोडसर वास घरभर व्हायचा. मार्केटात मात्र त्याला कुत्रं विचारत नव्हतं. बाबा चिडवायचे, "तुझ्या भावांसारखाच हाय. दिसायला गोरा, कामाला बिनकामाचा."

"मग मिटक्या कशाला मारता?" आई म्हणायची.

बांधाजवळचा एक वाफा तिचा होता. दर वर्षी चांगले कांदे निवडून ती पडवीत टांगलेल्या टोपलीत ठेवायची. दिवाळीच्या सुमारास ते पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना फुलांचे गोंडे आले की बी धरायचं. त्या टोपलीला हात लावायची आमची टाप नव्हती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा ती गेली. गणपती नुकतेच उठले होते. मी सासरहून धावत आले. त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारची काकू तिच्या घरून पिठलं-भाकरी करून घेऊन आली. बाबा जेवायला तयार नव्हते. सगळ्यांनी बळंच बसवलं. त्यांनी एक घास तोंडात घातला आणि हात थांबला.

"हे तिच्या हातचं हाय," ते म्हणाले.

तो वास मलाही आला आणि अंगावर सर्रकन काटा आला. काकूनं पदर तोंडाला लावला. "वहिनीच आल्या असतील हो माझ्या हाताशी," ती म्हणाली. कुणी नाही म्हटलं नाही. बाबा रडत रडत ताट पुसून जेवले. पुढे येईल त्याला ते सांगायचे, "लय जीव व्हता तिचा. जाता जाता जेवू घालून गेली."

मी नाशकात परतले आणि मला तो वास येऊ लागला. भर दुपारी, गॅस बंद, घरात मी एकटी, आणि फोडणीतल्या त्या कांद्याचा वास. नवरा म्हणायचा, शेजारी शिजत असेल काहीतरी. मी वेड्यासारखी दार उघडून जिन्यात हुंगत उभी राहायची. भीती वाटायची आणि वास गेला की त्याहून जास्त वाईट वाटायचं.

दिवाळीला माहेरी गेले, तर बाबा वाफा करून बसले होते. "तुझ्या आईचा कांदा मी चालवणार," म्हणाले. ज्या कांद्याची जन्मभर टिंगल केली तो! आधीचं वर्ष आईच्या दुखण्यात गेलं होतं, बी धरायचं राहून गेलं होतं. टोपलीतले कांदे, एवढंच काय ते उरलं होतं.

त्यांनी टोपली उतरवली. आत नुसती टरफलं.

काकू अंगणातच होती. "अहो, ते मीच नेले की त्या दिवशी पिठल्याला," ती सहज म्हणाली. "माणसं किती जमलेली! माझ्याकडचे पुरेनात, कांदाचाळीत जायला वेळ कुठला?"

बाबांनी टोपली खाली ठेवली. "बरं केलं, वहिनी," ते म्हणाले.

ती गेल्यावर मला म्हणाले, "तिला सांगू नको. तिनं आपल्याला पोटाला वाढलं." मग टोपलीतली टरफलं मुठीत गोळा केली. "म्हंजे तुझी आई आली नव्हती. जी घरात व्हती, ती बी खाऊन बसलो."

मामांकडे चौकशी केली. त्यांचा कांदा कधीच संपला होता. तेच आईकडून बी न्यायचे.

त्यानंतर दर हिवाळ्यात बाबा त्या मोकळ्या वाफ्याला पाणी द्यायचे. "खाली एखादा राहिला असंल, येईल वर." मी चिडायची, "लोक हसतात हो, बाबा!" त्यांना लोकांचं सोयरसुतक नव्हतं.

काही वर्षांनी मोबाइल आले. एके सकाळी त्यांचा फोन आला. "पात आली," एवढंच म्हणाले. मी मिळेल त्या बसनं निघाले. खरंच, वाफ्याच्या कडेला एक हिरवी पात उभी होती. मी येईपर्यंत त्यांनी ती तोडली नव्हती. आता शेंडा खुडला, अर्धा मला दिला, अर्धा स्वतः चावत राहिले.

जिभेला चटका बसला. हा तर शेजारच्या वाफ्यातून आलेला लाल कांदा.

"कोवळी आहे अजून, बाबा," मी म्हटलं. "इतक्यात नाही कळायचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फावडं घेतलं, माती ओढली आणि त्या वाफ्याचं पाणी बंद केलं. घरी येताना म्हणाले, "आज पिठलं कर."

"कुठला कांदा घालू?"

"कुठलाबी घाल," बाबा म्हणाले.

नाशकातल्या घरी तो वास मला पुन्हा कधी आला नाही. दुपारी अजून दार उघडून बघते.