भोंगा आणि नाटकाचा शेवट

"सगळ्यात शांत खोली द्या!" पिठ्या लॉजच्या काउंटरवर ओरडला. "बरोबर लहान मूल आहे!"

मॅनेजर दोन पावलं मागे सरकला. त्याला वाटलं, हा माणूस भांडायलाच आलाय. पण पिठ्या भांडत नव्हता, साधं बोलत होता. पिठाच्या गिरणीत जन्म गेला त्याचा. चक्की सुरू असताना जे सांगायचं ते बेंबीच्या देठापासूनच सांगावं लागतं, आणि त्याची चक्की सकाळपासून दिवे लागेपर्यंत सुरूच असायची. त्यामुळे "पाणी दे" आणि "आग लागली" ही दोन्ही वाक्यं तो एकाच पट्टीत म्हणायचा. भुवयांपासून पायांच्या नखांपर्यंत पीठ बसलेलं असायचं, म्हणून गाव त्याला पिठ्या म्हणायचं. खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं.

त्याची बायको लग्न होऊन आली तेव्हा इतकी हळू बोलायची, की बरेच दिवस पिठ्या समजत होता हिला आपण आवडलेलो नाही. ती बिचारी बोलत होती, ह्याला ऐकू जात नव्हतं. मग तीही शिकली. आता ती गल्ल्याजवळ उभी राहून चक्कीच्या वरताण आवाजात "अहो, जाड हवंय की बारीक ते विचारा!" असं ओरडायची आणि समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकायचं.

या दोघांचं दहा महिन्यांचं पोर म्हणजे भोंगा. हे नाव कोणी ठेवलं ते सांगायला नको, रडायला लागला की ऐकणाऱ्याला आपोआप सुचायचं. गिरणीच्या मागच्या खोलीत तो वाढला. दिवसभर शहाण्यासारखा झोपायचा, रात्री मात्र घर डोक्यावर घ्यायचा. भेटेल तो सांगायचा, पोरं रात्री जागतातच, त्यात काय एवढं! पिठ्याला ते पटलं होतं. बायको काही म्हणत नव्हती, कारण म्हणायला लागते ती शक्तीसुद्धा तिच्यात उरली नव्हती.

या शहरात ते कशासाठी आले होते, तर नाटकासाठी. बायको लहान असताना तिच्या वडिलांनी तिला एकदा नाटकाला नेलं होतं. मध्यंतर झालं आणि वडील म्हणाले, चल, शेवटची बस चुकेल. झालं! त्या नाटकातल्या मुलीचं पुढे काय झालं हे तिला आजतागायत कळलं नव्हतं. त्यानंतर नाटक बघायचा योग काही आला नाही. पिठ्या कुठलीही हकिकत सांगायला लागला, की ती मध्येच विचारायची, "ते राहू द्या, शेवट काय झाला ते सांगा." लग्न ठरलं तेव्हा पिठ्याने छाती ठोकून सांगितलं होतं, मी तुला मोठ्या शहरात नेऊन नाटकाचा शेवट दाखवीन. मग कधी पट्टा तुटला, कधी मोटर जळली, कधी दळणांची रीघ लागली, आणि मग भोंगा आला. गिरणी बंद ठेवायची म्हटलं की पिठ्या बुडणाऱ्या दळणांचा हिशेब मांडायला बसायचा. अखेर बायको एके दिवशी चक्की सुरू असताना इतक्या हळू काहीतरी बोलली की त्याला ऐकू आलं नाही, पण तिचा चेहरा बघून कळलं. त्याने शनिवारी जायची आणि रविवारी परतायची बसची तिकिटं काढली.

तर लॉजवाल्याने त्यांना मागच्या बाजूची खोली दिली. जाड पडदे, जाड गालिचा, खिडकीबाहेर नुसती भिंत. टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. पिठ्या कौतुकाने म्हणाला, "वा! आज गडी कसा ढाराढूर झोपतो बघ!"

ढाराढूर कसला! भोंग्याने त्या रात्री जो सूर लावला त्याला तोड नव्हती. त्यांनी पोट चोळून पाहिलं, कडेवर फिरवलं, पिठ्याने तोंडं वेडीवाकडी करून दाखवली. शेजारच्या खोलीतून भिंतीवर थापा पडल्या. मॅनेजर येऊन हात जोडून गेला. सकाळी बायकोचे डोळे तांबडेलाल झाले होते, आणि तरी ती आरशासमोर उभी राहून ठेवणीतली साडी नेसत होती.

"अगं, जरा पडतेस का?" पिठ्या म्हणाला.

"नाटक दुपारी आहे," ती म्हणाली. "मी झोपायला नाही आले इथे."

वाटेत एका रस्त्याचं काम चाललं होतं. खडी, सिमेंट आणि घरघर फिरणारा भलामोठा मिक्सर. भोंगा रडत होता, आणि मिक्सरजवळ येताच त्याची रड अर्ध्यातच थांबली. मान पिठ्याच्या खांद्यावर पडली. पिठ्याला वाटलं, पोराला काही झालं की काय! झोपला होता. हे दोघं पुढे गेले, कोपरा वळले, भोंगा उठला आणि रडला. परत मिक्सरपाशी आले, झोपला. पुन्हा पुढे, रडला. पुन्हा मागे, झोपला.

मिक्सरवाला बघत होता. "ओ, काय हरवलंय का तुमचं?"

"सापडलंय!" पिठ्या ओरडला आणि त्याने स्वतःच्या कपाळावर थाप मारली. "अगं, याला गिरणी लागते! म्हणून दिवसा झोपतो! रात्री चक्की बंद, की हा सुरू! आणि आपण याला सगळ्यात शांत खोलीत नेऊन निजवलं!"

बायको रस्त्यात मटकन बसली. तिला हसू येत होतं का रडू, तिचं तिलाच कळत नव्हतं. "इतके महिने," ती म्हणाली, "इतके महिने आपण त्याला ओवा पाजतोय हो!"

नाट्यगृहात तिघंही आत गेले. पिठ्याची आशा अशी, की नाटकात माणसं बोलतात, म्हणजे आवाज असणारच. पण दिवे मालवले, पडदा वर गेला, आणि रंगमंचावरची म्हातारी बाई खुर्चीत बसून राहिली. काही बोलेचना. सगळं सभागृह श्वास रोखून तिच्याकडे बघत होतं. अशा वेळी भोंगा गप्प बसेल? त्याने अशी काही किंकाळी ठोकली, की ती म्हातारी नटी खुर्चीतून अर्धवट उठली. पिठ्या पोराला काखोटीला मारून धावत सुटला. बायको उठायला लागली तशी त्याने तिला दाबून खाली बसवलं. "तू हलायचं नाहीस," तो म्हणाला, त्याच्या मते कुजबुजत. मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं आणि कोणीतरी टाळी वाजवली.

इमारतीच्या मागे त्याला हवी ती गोष्ट मिळाली. नाट्यगृह थंड ठेवायचा एसीचा प्लांट, चांगला बैलगाडीएवढा, धडधडत होता. तिथे स्टुलावर एक काका बसले होते. खेळ सुरू झाला की प्लांट सुरू, खेळ संपला की बंद, एवढं त्यांचं काम. पिठ्याने ओरडून सगळी कथा सांगितली. काकांनी ओरडून बसा म्हटलं. भोंगा केव्हाच झोपला होता. पिठ्याला आल्यापासून पहिल्यांदा घरी असल्यासारखं वाटलं.

"नाटक कशाचं आहे हो?" त्याने विचारलं.

"कोण जाणे!" काका म्हणाले. "मी कायम इथे. भिंतीतून हसू ऐकू येतं तेवढं."

मध्यंतर झालं, बायको बाहेर आली नाही. रंगलीय, पिठ्या मनात म्हणाला आणि त्याला फार बरं वाटलं. खेळ सुटला, लोक डोळे पुसत, हसत बाहेर पडले. बायको नाही. मग काकांनी प्लांट बंद करायच्या आतच तो झोपलेल्या भोंग्याला घेऊन आत गेला. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांत एकटी ती होती, मान एका बाजूला कलंडलेली, तोंड जरासं उघडं. दारावरची तिकीट तपासणारी बाई तिच्याजवळ उभी होती.

"तुम्ही पोराला घेऊन बाहेर पळालात तेव्हापासून झोपल्यात," ती बाई दबक्या आवाजात म्हणाली. "उठवायचं माझ्या जिवावर आलं."

इकडे सगळीकडे सामसूम, त्यामुळे भोंग्याची चुळबुळ सुरू झाली. पिठ्या घाबरला. आता हा भोंगा वाजला तर ही उठणार. त्याने दुसरं काही न सुचून तोंडानेच चक्की सुरू केली. "घर्रर्रर्र... खड खड... घर्रर्रर्र..."

बायको डोळे न उघडताच कडाडली, "अहो, पीठ बाहेर सांडतंय बघा!" आणि मग तिने डोळे उघडले. समोर पडलेला पडदा होता.

"संपलं?" तिने विचारलं. इतक्या हळू, की लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत बोलायची तशी. या वेळी पिठ्याला ऐकू आलं. ती पदराने तोंड झाकून रडायला लागली. "अर्धं तरी बघितलं होतं मी तेव्हा. आज तेवढंही नाही."

पिठ्याला स्वतःचा राग आला, शहराचा आला, त्या मऊ खुर्चीचा आला. गावची बस तासाभराने सुटणार होती. सोमवारी गिरणी उघडायची होती, दळणाच्या पिशव्या आदल्या दिवसापासूनच दारात येऊन पडल्या असणार. त्याने दारावरच्या बाईला विचारलं, "उद्या खेळ आहे का?"

"आहे की. दुपारीच."

मग त्याने गिरणीशेजारच्या सायकलवाल्याला फोन लावला. "उद्या गिरणी बंद आहे म्हणून पाटी लाव!"

पलीकडे हवा भरायचा पंप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सायकलवाला खालच्या आवाजात म्हणाला, "कोण गेलं रे?"

"कोणी नाही गेलं! बायकोला नाटकाचा शेवट बघायचाय!"

"कशाचा?"

"शेवटाचा!" पिठ्याने फोन ठेवला. बायको त्याच्याकडे टक लावून बघत होती. गिरणी सोमवारी बंद, हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

लॉजवर पिठ्या पुन्हा काउंटरवर ओरडला, "सगळ्यात गोंगाटाची खोली द्या!" मॅनेजरने आनंदाने दिली. खाली कपडे धुवायची यंत्रं, शेजारी लिफ्टची मोटर. त्या खोलीत कोणी राहायला तयार नसायचं. तिथे भोंगा झोपला, पिठ्या झोपला, आणि बायको तर अशी झोपली की सकाळी उठल्यावर तिला आपण कुठे आहोत हेच आठवेना.

दुसऱ्या दिवशी ती एकटी आत गेली. पिठ्या आणि भोंगा प्लांटवर. मध्यंतरात ती धावतच आली आणि प्लांटच्या धडधडाटावर आवाज चढवून सांगायला लागली, "अहो, त्या भाच्याला घर विकायचंय, आणि त्याची म्हातारी आत्या खोलीचं दारच उघडत नाही! आतून कडी लावून बसलीय! गिऱ्हाईक येतं, तिकडे दार बंद! काय धमाल आहे!"

"आत करते काय पण ती?" काकांनी ओरडून विचारलं.

"तेच तर कळत नाही!" घंटा झाली आणि ती पळाली.

काका स्टूल सोडून उभे राहिले होते. पुढचा सगळा वेळ दोघं भिंतीला कान लावून होते. हसण्याचा लोट आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग टाळ्याच टाळ्या. बायको बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते आणि चेहरा असा फुलला होता, की पिठ्याला ती लग्नातल्यासारखी दिसली.

"झालं की नाही झालं?" तो ओरडला.

"झालं! सगळं बघितलं! शेवटपर्यंत!" ती ओरडली. "ऐका! सगळे मिळून दार फोडतात, आणि आत बघतात तर..."

तेवढ्यात काकांचा हात सवयीने खटक्याकडे गेला. खेळ सुटला होता ना! प्लांट बंद पडला आणि एकदम चिडीचूप झालं. भोंग्याने डोळे उघडले. त्याचा खालचा ओठ बाहेर यायला लागला. त्या ओठाची ओळख आता काकांनाही झाली होती. "चुकलोच!" म्हणत ते पुन्हा खटक्याकडे धावले.

पण बायकोला थांबवणार कोण? एवढ्या वर्षांनी शेवट तिच्या हाताला लागला होता. ती त्याच गिरणीतल्या आवाजात पुढे म्हणाली, "आत आत्या नाहीच! खिडकी सताड उघडी! ती केव्हाच निघून गेलीय, आणि सगळे तिच्या बंद दाराशी भांडत बसलेत!"

बाहेर पडणारे प्रेक्षक वळून बघायला लागले. भोंग्याचा ओठ होता तिथेच थांबला. तो आईच्या तोंडाकडे टकामका बघत होता.

"मग तो भाचा आत जातो. तिच्या खुर्चीत बसतो. आणि आतून कडी लावून घेतो! घर विकतच नाही! संपलं!"

"आयला!" काका म्हणाले. त्यांचा हात खटक्यावर होता, पण दाबायची गरज पडली नाही.

सगळीकडे शांतता होती आणि भोंगा रडत नव्हता. पिठ्याने पोराकडे बघितलं, मग बायकोकडे, आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे इतके दिवस चक्कीच्या घरघरीत हे पोर हिचा आवाज ऐकत पडलेलं असायचं; घरघर आहे म्हणजे आई जवळ आहे, एवढंच त्याला ठाऊक. रात्री चक्की बंद झाली की ही दमून गप्प व्हायची, आणि हा शोधत बसायचा.

"अगं, थांबू नकोस," पिठ्या म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुजबुजता आलं. "पुन्हा पहिल्यापासून सांग."