गाळलेली चौथी फेरी

बँडमधले सगळे तिला ताईच म्हणतात, तिच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेसुद्धा. खरं तर ती कीबोर्डवाल्याची धाकटी बहीण. दादाने कॉलेजात असताना चार टाळकी जमवून बँड काढला, तेव्हा ही पोर वायरी गुंडाळायला त्यांच्या मागे मागे जायची. गुंडाळता गुंडाळता एक दिवस आवाजाच्या मिक्सरच्या मागे जाऊन बसली ती बसलीच. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलं की म्हणायची, "चार म्हातारे सांभाळतेय, पाचवा कुठे घेऊ?"

त्यांचं संगीत म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक. एकेक गाणं अर्धा अर्धा तास चालणार, मध्येच ताल बदलणार, सात-सात मात्रा मोजता मोजता ऐकणाऱ्याला घाम फुटणार. लग्नात वाजवायला त्यांना कुणी कधी बोलावलं नाही. पण ज्यांना आवडलं ते जन्माचे चिकटले. आता सगळ्यांची डोकी पांढरी झालीत, ड्रमवाला जाड्या काडीसारखा बारीक झालाय, तरी परवाच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच कार्यक्रमाचा लाइव्ह अल्बम निघणार होता आणि तो ताईच्या हातात होता.

आणि तिथेच घोडं अडलं होतं.

सगळ्यात मोठ्या गाण्याच्या मधोमध बाकीचे गप्प बसतात. फक्त ड्रम आणि बेस सात मात्रांच्या चार फेऱ्या वाजवतात, मग दादाने मुख्य धून उचलायची आणि सगळ्यांनी तुटून पडायचं. इतकी वर्षं हे झोपेतसुद्धा चुकलं नव्हतं. त्या दिवशी दादाने तिसऱ्या फेरीनंतरच धून उचलली. गाणारे मास्तर तेव्हा पाणी पीत होते, त्यांचा पहिला शब्द पाण्याबरोबर पोटात गेला. पण बँड थांबला नाही. सगळ्यांनी चौथी फेरी गाळली आणि दादामागे उडी मारली. हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. वाईट हे, की दादालाही कळलं नाही. स्टेजवरून उतरल्यावर त्याने एकेकाला मिठी मारली. "काय वाजलं रे आज!"

मास्तरांनी ताईला सांगून ठेवलं होतं, "ही रेकॉर्ड आपल्यामागे राहणार आहे, तेवढं नीट कर." ताईने केलं. कार्यक्रमाच्याच दिवशी दुपारी, हॉल रिकामा असताना, बँडने अख्खं गाणं एकदा वाजवून पाहिलं होतं तेव्हा दादा बरोबर आला होता आणि ते रेकॉर्डही झालं होतं. तो तुकडा तिने आणून बसवला. जोड शोधून सापडणार नाही इतका बेमालूम.

पण तिचं मन खात होतं, कारण वहिनी. वहिनीने तिला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अगं, मागच्या आठवड्यात हे दूध आणायला गेले ते आपल्या जुन्या घराच्या दारात बेल वाजवत उभे. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात. म्हणतात, स्टेजवर चुकलो का कधी? रेकॉर्ड येऊ दे, ती ऐक आणि मग बोल."

आणि रेकॉर्ड तयार झाली, फक्त छापायला जायची राहिली. दुपारी दादा आणि वहिनी स्टुडिओत आले. दादा ताईच्या शेजारी बसला, वहिनी मागे, पर्स मांडीवर घट्ट धरून. गाणं मधोमध आलं. चार फेऱ्या, मग धून. अचूक. दादाने खुर्ची गर्रकन फिरवली.

"ऐकलंस? आता बोल! डोकं ठिकाणावर आहे की नाही माझं?"

वहिनी खाली बघायला लागली. "आहे हो," एवढंच म्हणाली.

ताईच्या लक्षात आलं: भावाची लाज झाकायला गेलो आणि आपणच त्याच्या हातात खोटा दाखला दिला!

"दादा," ती म्हणाली, "हे त्या दिवशीचं नाहीये."

"म्हणजे?"

तिने खरं रेकॉर्डिंग लावलं. दादा मांडीवर बोटांनी फेऱ्या मोजायला लागला. एक. दोन. तीन. चौथं बोट वर तसंच राहिलं आणि धून सुरू झाली, त्याचीच. तेवढ्यात ड्रमवरच्या माइकमधून जाड्याची आरोळी आली, "तीनवरच आला! सोडू नका त्याला, चला!"

"परत लाव."

तिने परत लावलं. तिसऱ्यांदा तो मागेल म्हणून तिचा हात बटणावरच होता, पण त्याने नाही मागितलं.

"जाड्या मला बोलला नाही."

"कुणीच बोललं नाही, दादा. मी पण."

"साल्यांनो," तो म्हणाला. पण त्यात राग नव्हता. डोळे भरले होते, आणि लहानपणी पडल्यावर जसा बघायचा तसा तो ताईकडे बघत होता, लागलंय की नाही हे अजून कळलेलं नसल्यासारखा. तिने त्याचा हात धरला.

मग तो म्हणाला, "हेच ठेव रेकॉर्डवर. जाड्याची बोंब पण ठेव. मास्तरांशी मी बोलतो. पाणी प्यायला काय मुहूर्त काढला होता म्हणावं!"

वहिनी रडता रडता हसली. तो तिच्याकडे वळला.

"डॉक्टरकडे कधी जायचं म्हणत होतीस?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

"उद्याच जाऊ. आत्ताच फोन लाव," दादा म्हणाला. "घरी जाईपर्यंत माझं मन फिरेल. किंवा मी विसरेन."

यावर कुणी हसलं नाही. वहिनीने पर्समधून फोन काढला. ताईने स्पीकर बंद केले, आणि वहिनी वेळ ठरवेपर्यंत तिघंही तसेच बसून राहिले.