सात पिढ्यांचा बायोडेटा

मेदेर रोज सकाळी तोंड धुण्याआधी फोन काखेत धरून बसायचा. नारीन या डोंगराळ गावाच्या थंडीत त्या जुन्या फोनची बॅटरी गारठून बंद पडे आणि अंगाची ऊब मिळाली की पुन्हा जीव धरी. शिकत असताना लशीच्या बाटल्या गोठू नयेत म्हणून त्या अंगाशी धरायची सवय लागली होती, तीच त्याने फोनला लावली होती. पडदा उजळला की तो नोकऱ्यांच्या साइटवर जाई आणि एकच गोष्ट पाही, आपला बायोडेटा काल किती जणांनी उघडला.

"आज किती?" शेगडीपाशी बसलेली त्याची बायको बुरुल मान न वळवता विचारायची.

"एकाने."

"तो एक तूच असशील. काल जेवतानाही उघडून बघत होतास."

मेदेर जनावरांचा डॉक्टर होता. राजधानीत, बिश्केकला शिकून आला होता आणि नारीनच्या बाजारात पिठाची पोती उतरवत होता. सरकारी दवाखान्यात जागा नव्हती आणि खाजगी कुरणवाल्यांना अनुभवी माणूस हवा असे. साइटवरून कधीमधी उत्तर आलंच, तर ते अर्ज केल्याबद्दल आभार मानणारं असे.

बायोडेटा भरला तेव्हा त्याचे वडील जपार शेजारीच बसले होते. 'स्वतःविषयी' या रकान्यात बुरुलने लिहिलं होतं, मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची तयारी.

"हे काय?" जपार म्हणाले. "एवढं तर गाढवाबद्दलही लिहिता येईल. कुणाचा कोण, ते कुठाय?"

"बाबा, तसलं कुणी विचारत नाही तिथे."

"घरात माणूस घ्यायचाय आणि कुणाचा कोण विचारणार नाहीत? मग अशांच्या दारात जायचंच कशाला? लिही, पोरी."

त्यांनी डोळे मिटून सात नावं सांगितली. जपार, जपारचा बाप बेकतुर, बेकतुरचा अलिम, असं करत मागे मागे. बुरुलने ती एकाखाली एक लिहिली. मेदेरचा बरोबर शिकलेला मित्र ते वाचून पोट धरून हसला. "बायोडेटा आहे की कबरस्तान?" मेदेरलाही ती नावं काढायची होती. पण त्याच हिवाळ्यात जपार गेले आणि मग ती काढायला त्याचा हात धजेना.

बर्फ वितळत असताना शरशेन नावाच्या माणसाचा फोन आला. तलासकडच्या एका खोऱ्यात शरशेनचा मोठा तबेला होता आणि कोकबोरू खेळणारा संघ होता. मुंडकं छाटलेल्या बोकडासाठी घोडेस्वार एकमेकांना भिडतात, तो खेळ. शरशेनने जनावरांबद्दल एक शब्दही विचारला नाही.

"तुझ्या यादीतला पाचवा बाप एसेनामन ना?" तो म्हणाला. "तो माझा चौथा. म्हणजे मी तुझा चुलता. घरचे घोडे असताना दारोदार अर्ज करतोस? बायकोला घे आणि ये."

फोन ठेवून मेदेर बराच वेळ बाबांच्या रिकाम्या जागेकडे पाहत बसला.

पहिल्या दिवशी मेंढा कापला. ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे प्रत्येकाच्या ताटात हाड पडलं. मेदेरला शरशेनने स्वतःच्या हाताने नळीचं हाड वाढलं, पुतण्याला वाढतात तसं. ते उचलताना मेदेरचे कान लाल झाले. आपल्याला कुणी तरी ओळखतं, हे त्याला फार दिवसांनी वाटलं.

त्या तबेल्यात मार कुणाला नवा नव्हता. मैदानात घोडे छातीने छातीवर आदळायचे. चाबूक दातांत धरून स्वार खोगिराखाली लोंबकळायचे, बोकड ओढताना एकमेकांच्या बोटांवर गुडघे मारायचे. हरले की अंगणात शरशेन चाबकाच्या मुठीने त्यांना झोडायचा. स्वार मोतद्दारांना मारायचे आणि मोतद्दार घोड्यांना. शेवटी सगळे मेदेरकडे यायचे. तो घोड्याचा ओठ उलटून हिरडीवर अंगठा दाबी आणि उचली. पांढऱ्या पडलेल्या जागी रक्त चटकन परत आलं तर ठीक, रेंगाळलं तर आत काहीतरी फुटलेलं. माणसांच्या फाटलेल्या भुवयाही तोच शिवायचा.

"बायोडेटात भर घाल," बुरुल म्हणायची. "गाढवांचाही अनुभव आहे."

तो हसायचा. काम त्याला आवडत होतं. फोन काखेत धरायचंही तो विसरून गेला होता.

सेयत आणि कुबात हे दोघे सख्खे भाऊ संघातले चांगले स्वार. एका सामन्याच्या सकाळी सेयतच्या करड्या घोड्याच्या पुढच्या पायावर सूज दिसली. मेदेरने हात फिरवला आणि त्याला कळलं, हाडाला चीर गेली आहे.

"बधिर कर," शरशेन म्हणाला.

"अबा," चुलत्याला म्हणतात तसं मेदेर म्हणाला, "दुखलं नाही तर तो पाय जपणार नाही. हाड मोडेल."

"परक्या डॉक्टरला मी हे सांगितलं असतं का? तू घरचा आहेस म्हणून तर आणला तुला."

मेदेरने सुई टोचली.

हाड मोडल्याचा आवाज त्याला मैदानाबाहेर उभ्या उभ्या ऐकू आला. घोडा पडला आणि पुन्हा उठला. त्याला काहीच दुखत नव्हतं, म्हणून लोंबणारा पाय टेकून टेकून तो धावायला बघत होता. सेयत त्याच्या मागे मातीत होता आणि बाकीचे घोडे भरधाव त्याच्या अंगावरून गेले. मेदेरने करड्याला गोळी घातली. सेयतसाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. शरशेनने मयताच्या जेवणाला घोडी कापली. माणूस दिलदार आहे, असं सगळे म्हणाले.

दुसऱ्या सकाळी मेदेर फोन काखेत धरून बसला. बुरुलने पाहिलं आणि चहा ओतत राहिली. त्याने बायोडेटात अनुभव भरला, 'नोकरी शोधत आहे' यावर खूण केली.

"ही नावं काढू आता?" बुरुलने विचारलं.

"राहू दे. बाबांनी सांगितलेली आहेत."

पण ज्याने एकदा त्याचा बायोडेटा जपून ठेवला होता, त्यालाही ती साइट खबर द्यायची. शरशेनच्या फोनवर संदेश गेला, तुम्ही निवडलेल्या उमेदवाराने माहिती बदलली आहे.

शरशेनने तो वाचून ठेवला. शरदातल्या मोठ्या सामन्याच्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले आणि ताटं आली. मेदेरच्या ताटात नुसत्या शेवया होत्या. हाड नव्हतं. शेजारी बसलेल्या कुबातने ते पाहिलं आणि नजर खाली घातली. मेदेर शेवया खात राहिला.

हात धुतल्यावर शरशेनने त्याला अंगणात बोलावलं. तांबूस घोडा खुंटाला बांधलेला होता, पुढचा पाय सुजलेला. त्यावर कुबात बसणार होता.

"हा बधिर कर. मग तुझं दुसरं काम बोलू."

"नाही करणार, अबा."

"एसेनामनचं नाव बाजारात मांडलंस," शरशेन शांतपणे म्हणाला. "माझ्या चौथ्या बापाचं. कुणीही यावं आणि पाहावं. माझं खाऊन माझ्याच बापांची नावं लावून दुसरीकडे भीक मागतोस?"

"ते माझेही बाप आहेत."

"मग त्यांच्यासाठी टोच सुई."

मेदेरने पेटी उघडली. औषधाच्या बाटल्या काढल्या आणि एकेक करून खुंटावर फोडल्या. औषध भुशात जिरलं. "कुबात मरेल," तो म्हणाला. "सेयतसारखाच."

"हात धरा त्याचे," शरशेन म्हणाला.

एक हात कुबातने धरला.

पहिला फटका मुठीचा, गालफडावर बसला. दुसऱ्याने दात सांडले. मग तो वाकला आणि बाकीच्यांचे बूट सुरू झाले. बरगड्या, पाठ, डावी कूस. कुणी शिवी देत नव्हतं. नुसता बुटांचा आणि श्वासांचा आवाज होता. तांबूस घोडा दावं ताणून मागे सरकत राहिला. मधूनमधून शरशेन हात वर करी आणि विचारी, "टोचतोस?" बाटल्या फुटलेल्या होत्या, टोचायला काही उरलं नव्हतं, तरी तो विचारत होता. मेदेर रक्त थुंकून मान हलवी आणि बूट पुन्हा सुरू होत. कुंपणापलीकडे बुरुल ओरडत होती. ती कुणाला ऐकू आल्यासारखं वाटत नव्हतं. घरातलं प्रकरण होतं, त्यामुळे शेजारीही मध्ये पडले नाहीत.

कुबातने हात सोडला तेव्हा मेदेर उभाच्या उभा खाली आला.

तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता फुटलेला होता. गाडी कुबातच चालवत होता. मेदेर मागच्या बाकावर बुरुलच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. त्याचं अंग गार लागत होतं आणि तो सारखं पाणी मागत होता.

"मी फक्त हात धरला होता, डॉक्टर," पुढून कुबात म्हणाला.

"माहीत आहे," मेदेर म्हणाला. "चांगला घट्ट धरला होतास. घोडा?"

"खुंटालाच आहे. मी नाही बसलो. कुणीच नाही बसलं."

मेदेरने मान हलवली. मग बुरुलकडून तिचा छोटा घडीचा आरसा मागून घेतला, सुजलेला ओठ उलटला आणि हिरडीवर अंगठा दाबून उचलला. पांढरी जागा पांढरीच राहिली. तो त्या जागेकडे पाहत राहिला, मग आरसा मिटून त्याने परत दिला.

"काय बघतोयस?"

"दात किती राहिले ते."

"पुरेसे आहेत," ती म्हणाली.

घाट चढताना मेदेरच्या खिशात फोन वाजला. बुरुलने तो काढेपर्यंत वाजायचा थांबला. नारीनकडचाच नंबर होता, मेंढ्यांच्या कुरणाचा. गेल्या आठवड्यात तिनेच तिथे अर्ज पाठवला होता. खिडकीच्या फटीतून वारा आत येत होता आणि पडद्यावरचा उजेड मंद होत चालला होता.

मेदेरने डोळे उघडले. "ते पुन्हा फोन करतील," तो म्हणाला. "काखेत धर तो, गारठला की बंद पडतो."