धडधाकट बैलाला जुलाब

आजारी बैल सोडून धडधाकट बैलाला जुलाब देणारी डॉक्टर तुम्ही पाहिली नसेल, तर या आजीकडे नीट पाहून घ्या. ऐंशीच्या दशकात पुण्याहून पार पूर्वेला मूल गावाच्या बाजूला मी गुरांची डॉक्टर म्हणून गेले, तेव्हा अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा कोट होता आणि डोक्याला त्याहून कडक इस्त्री. नकाशात तो महाराष्ट्रच. पण धानाच्या बांध्या (बांध घातलेली भातशेतं) संपताच जंगल सुरू, आणि लोकांचं बोलणं मला निम्मंच कळायचं. माझ्यापुरती ती विलायतच होती.

पहिलंच बोलावणं सुखदेवभाऊंचं. एसटीने फाट्यावर सोडलं, पुढे सागवानातून पायी. वाटेत नाल्याच्या चिखलात एक चप्पल गेली. ती बहुधा अजून तिथेच असेल.

अशी एका पायात चप्पल घालून पोचले, तर भाऊंच्या बायकोने, रुक्माबाईंनी, लाखोळीच्या डाळीचे गरम वडे पुढे केले. दुसऱ्या दिवशी गावात शंकरपट (बैलांची शर्यत) होता आणि भाऊंच्या जोडीतल्या एका बैलाचं पोट फुगलं होतं. सामना खुद्द व्याह्यांच्या जोडीशी.

"हरलो त चालते," भाऊ म्हणाले. "पण धावलोच नाई, त व्याही सालभर मले सुखानं जेवू नाई देणार."

"बैल उजेडात आणा!" असं फर्मावून मी औषध तयार करायला गेले. पटाच्या जोडीतला एकच बैल तिथे कुणी हलवत नाही. मागे राहिलेला हंबरून गोठा डोक्यावर घेतो. म्हणून त्यांनी दोन्ही आणले. परतले तर समोर दोन पांढरेशुभ्र, हुबेहूब सारखे. कोणता, एवढंच विचारायचं. पण डॉक्टरने विचारायचं कसं? फुगलेलं पोट डाव्या कुशीला दिसतं हे मी शिकले होते, पण वडे ठेवले होते उजवीकडे, म्हणून मीही उभी तिकडेच. जो जास्त उदास वाटला, त्याच्या घशात बांबूच्या नळीने जवसाचं तेल ओतलं. चांगलं सढळ हाताने.

"संध्याकाळपर्यंत मोकळा होईल."

"हो जी," रुक्माबाई म्हणाल्या. "पण हा त मोकळाच हाय. आजारी थो हाय."

"मग सांगितलं का नाही?"

"आमाले वाटलं, पुण्याची रीत असंल. अगुदर धडाले पाजून पाहतेत."

बाटलीत उरलंसुरलं तेल मी खऱ्या रोग्याला पाजलं. सकाळी तो तणस (धानाचा पेंढा) खाऊ लागला. दुसऱ्याबद्दल न बोललेलं बरं.

तरी भाऊंनी जोडी छकडीला (शर्यतीच्या हलक्या गाडीला) जुंपली. धावली हो, धावली! जेमतेम मानभर मागे राहिली. व्याही परीटघडीच्या धोतरात मिरवत आले, भाऊंच्या बैलाच्या मागे उभे राहिले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काऊन जी व्याही, दमला का तुमचा बैल?"

बैलाने शेपटी वर केली.

त्यानंतर कोण जिंकलं हे पटावर कुणाला आठवेना. व्याही नाल्याकडे पळाले. भाऊ हसता हसता छकडीवरून खाली पडले.

परतीच्या एसटीची वाट पाहताना मी मनात राजीनामा लिहीत होते. गाडी आली. रुक्माबाईंनी वड्यांचं पुडकं हातात कोंबलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बाई, पुढच्या पटालेबी येजा. अन् थे तेल जरा जास्त आणजा, व्याह्याले आणखी दोन भाऊ हायत."